चौदा फूट इकडे, चौदा फूट तिकडे

"तुमचं ठिकाण डाव्या हाताला आहे," एवढं इंग्रजीत सांगून गाडीतल्या यंत्रातली ती बाई गप्प झाली. डाव्या हाताला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली टुअलाटिन नदी होती. गढूळ, आणि इतकी संथ की वाहते आहे की नाही हे तरंगत्या पानांकडे बघून ठरवावं. पलीकडच्या काठावर एक पार्क होतं, त्या पार्कातल्या कुठल्याशा झाडाच्या बुंध्याशी जिओकॅशिंग या डबे शोधण्याच्या खेळातला एक डबा कुणीतरी लपवला होता, आणि आम्हाला तो हवा होता. अलीकडे आम्ही चौघं, मित्राकडून शनिवार-रविवारपुरतं मागून आणलेलं गाडीतलं जीपीएस, आणि काठाला दाटलेली ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. पडद्यावर मात्र काळ्यापांढऱ्या चौकटींचं निशाण फडकत होतं. मोहीम फत्ते! मागच्या सीटवरून नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "हिनं बांधावर आणून सोडलंय. शेत पलीकडंच राहिलं."

घरी आल्यावर ते निशाण काही डोक्यातून जाईना. त्यात यंत्राचं काही चुकलं होतं असं नाही, म्हणून तर ते जास्त खुपत होतं. गाडीतल्या यंत्राच्या लेखी जग म्हणजे रस्ते. तुम्ही दिलेले अक्षांश-रेखांश ते घेतं, त्या बिंदूच्या सगळ्यांत जवळून जाणारा रस्ता शोधतं आणि त्या रस्त्यावरच्या एका जागेवर तुम्हाला नेऊन उभं करतं. मधे नदी आहे की दरी, त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शिवाय ते सोयीचं खोटंही बोलतं. उपग्रहांवरून काढलेली जागा थोडी इकडेतिकडे होतेच. ताशी पन्नास मैलांनी जाणारी गाडी कुणाच्या मक्याच्या शेतातून चालली आहे असा हिशेब आला, तर यंत्र समजूतदारपणे ती गाडी उचलून पडद्यावरच्या रस्त्यावर ठेवतं. गाडी चालवणाऱ्याला हेच हवं असतं. डबा शोधणाऱ्याला हेच नको असतं. त्याला आपण खरोखर कुठे उभे आहोत ते हवं, मग ते चिखलात का असेना.

(ब्लॅकबेरीबद्दल जाता जाता. इथे ओरेगनमध्ये तिला 'हिमालयन' म्हणतात, आणि नाना ते ऐकून हरखले होते. ती मूळची आर्मेनिया-इराणकडची. ल्यूथर बरबँक नावाच्या रोपवाटिकावाल्यानं १८८५ मध्ये हिमालयाचं नाव लावून ती अमेरिकेत आणली आणि तिनं सगळा पश्चिम किनारा गिळला. फळं गोड असतात, काटे मात्र बोराच्या झाडाला लाजवतील असे.)

ही २००९ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नाना आणि आई सहा महिन्यांसाठी आलेले. आईला घर आणि आवार पुरत होतं. नानांना पुरत नव्हतं. लेकीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला या जिओकॅशिंगची चटक लागली होती: संकेतस्थळावरून आकडे उतरवून घ्यायचे, यंत्रात भरायचे, रानात जाऊन डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची, तेवढ्याच मोलाची ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून यायचं. बायकोला त्याच सुमारास सेलमच्या बाजूला नवी नोकरी लागली होती आणि रोज छापलेले नकाशे मांडीवर घेऊन हमरस्त्याला लागणं तिला नको झालं होतं. म्हणजे गरजा दोन. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की गरजा दोन असल्या तरी वस्तू एक घ्यायची. मी लहानाचा मोठा झालो तो सोफा-कम-बेडवर. त्यावर कुणाला नीट बसता आलं नाही की नीट झोपता आलं नाही, पण 'एकात दोन' म्हणताना नानांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी विसरलेलो नाही. तोच आनंद माझ्या तोंडावर घेऊन मी दुकानात गेलो.

दुकानातल्या काचेखाली तीन वस्तू होत्या. पहिली गार्मिनची नुव्ही ५००. दिसायला गाडीतलीच: साडेतीन इंची स्पर्शाचा पडदा, बोलणारी बाई, रस्त्यांचे नकाशे. पण पाण्यात पडली तरी चालणारी, बॅटरी काढता-घालता येणारी, आणि गाडी, सायकल, होडी, पायी असे चार अवतार घेणारी. पायी अवतारात ती डब्याकडे सरळ रेघ दाखवायची. दुसरी त्याच कंपनीची जीपीएसमॅप ६० सीएसएक्स. हातात धरायची, वर जाड शिंगासारखा अँटेना, खाली बटणांची रांग, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. पडदा आगपेटीएवढा, पण भर उन्हात लख्ख दिसणारा. आत होकायंत्र आणि हवेचा दाब मोजून उंची सांगणारं यंत्र. रस्त्याचे नकाशे वेगळे विकत घेऊन, कुलूप उघडायचा आकडा भरून चढवायचे. मग तीही वळणं सांगायची, पण तोंडानं नाही. 'टुंग' करायची, की आपण बघायचं. तिसरीचं नावच ओरेगन. ओरेगनमध्ये राहून ओरेगन विकत घ्यायची हा विनोद मी एकदा केला, विक्रेत्यानं तो त्या दिवशी बहुधा बऱ्याचदा ऐकला असावा. तिचा पडदा मोठा आणि स्पर्शाचा, पण बाहेर उन्हात नेली की मला ती मंद वाटली. ती बाद झाली.

राहिल्या दोन. रात्री जेवणानंतर आमच्या टेबलावर जी चर्चा झाली तिचा सारांश बायकोनं एका वाक्यात सांगितला: "तुम्हाला डबे सापडायचेत, मला घरी पोचायचंय." तिचं बरोबर होतं. ज्यांनी पुण्यात किंवा साताऱ्यात रस्ते विचारत आयुष्य काढलं त्यांना एक गोष्ट इथे आल्यावर कळते: विचारायला रस्त्यावर माणूसच नसतो. चौकात टपरी नाही, रिक्षास्टँड नाही, "पुढं जाऊन कुणालाही विचारा" म्हणायला कुणी नाही. काच बंद करून प्रत्येकजण आपापल्या लेनमधून चाललेला. अंधार पडलेला, पाऊस लागलेला, उजवीकडचा फाटा सुटला की पुढचा पाच मैलांवर. तिथे ती इंग्रजी बाई न रागावता पुन्हा हिशेब करते आणि नवं वळण सांगते, तेव्हा तिच्याविषयी जे वाटतं त्याला कृतज्ञताच म्हणावं लागेल. त्या बाईला नावं ठेवणाऱ्या लेखांवर माझा म्हणून विश्वास नाही. ते बहुधा असे लोक लिहितात ज्यांना रस्ता आधीपासून ठाऊक असतो.

या सगळ्या वादात नाना गप्प होते. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी दुकानातही विचारला होता, मला दुभाषा करून: "चूक किती?"

नाना भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते. माण-खटावच्या बाजूला त्यांची सगळी नोकरी झाली. मोजणीचा दिवस म्हणजे काय हे मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलेलं आहे. कागदाचं भेंडोळं, शंकू, साखळी, झेंड्या, चुन्याची पिशवी. लगतचे खातेदार चार हात अंतर ठेवून उभे, एकमेकांकडे न बघणारे. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तापलेली साखळी हाताला चटका द्यायची, आणि खेचली की ढेकळांवरून जाताना एक खरखर आवाज करायची. पण साखळी टाकण्याआधी खरं काम असायचं ते हद्दीचे मूळ दगड शोधण्याचं. टिपणात दगड असायचा. जमिनीवर असायचाच असं नाही. तो बाभळीच्या मुळांत गेलेला असायचा, बांधात गाडलेला असायचा, कधी कुणाच्या गोठ्याच्या पायरीत बसवलेला असायचा, आणि कधी कधी रातोरात दोन पावलं चाललेलाही असायचा. नाना कागद बघत, पावलं टाकत, थांबत, काठीनं टोचून बघत. काठी 'टक' वाजली की ते वर न बघता म्हणायचे, "इथं खांदा." पन्नास वर्षांच्या माणसाला पगार देऊन सरकार डबे शोधायला लावत होतं, एवढंच.

त्यामुळे विक्रेत्यानं ६० सीएसएक्स दुकानाबाहेर नेऊन पडद्यावरचा आकडा दाखवला, 'अचूकता: १४ फूट', तेव्हा तो अभिमानानं दाखवत होता. नाना त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मराठीत म्हणाले, "चौदा फुटांत भावाभावांची डोकी फुटतात, सांग त्याला." मी सांगितलं नाही.

तरी त्या यंत्रानं त्यांना पकडलं होतंच. रात्री माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेऊन ते वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडत होते. उपग्रह वीस हजार दोनशे किलोमीटर वर. जागा काढायला किमान चार लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या घड्याळातली चूक पकडायला. डब्याचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात, मिनिटाचा हजारावा भाग धरून. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हा शेवटचा आकडा एकानं हलला की जमिनीवर सहा फूट. "बरं," नाना म्हणाले, "पण ज्यानं डबा ठेवला त्याच्या यंत्राचीही चूक चौदा फूट असणार की. चौदा फूट त्याचे, चौदा आपले. अठ्ठावीस फुटांचं रिंगण झालं. त्यात शेवटी डोळेच वापरायचे." मुरलेले डबेशोधे नेमकं हेच सांगतात: आकडा तीस फुटांच्या आत आला की यंत्र खिशात टाका. नानांना हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

यंत्र ठरलं ते मात्र एका वेगळ्याच कारणानं. गाडीच्या धर्तीच्या यंत्रात होकायंत्र नव्हतं. उपग्रह फक्त जागा सांगतात, तोंड कुठे आहे हे नाही. आधीची जागा आणि आताची जागा यांवरून यंत्र दिशेचा अंदाज बांधतं, म्हणून चालत असाल तोवर बाण बरोबर. डब्याजवळ येऊन थांबलात, की बाण गोंधळून भलतीकडे वळतो. मित्राच्या यंत्रानं त्या दिवशी नदीकाठी आम्हाला हेच करून दाखवलं होतं. लेक दोन पावलं पुढे, दोन मागे करत बाणाला मनवत होती. ६० सीएसएक्समध्ये होकायंत्र होतं. ती घेतली. सेल घातले की तिचं होकायंत्र जुळवावं लागतं: सपाट धरून, सावकाश, स्वतःभोवती दोन फेऱ्या. दुकानाच्या पार्किंगमध्ये धोतर-कोट-टोपीतला माणूस हातात यंत्र धरून गंभीरपणे गिरक्या घेतो आहे हे बघून एक बाई गाडीत बसायची थांबली. नानांनी तिला मान लववून नमस्कार केला आणि दुसरी फेरी पुरी केली.

मग मी पर्यायांच्या जंगलात जाऊन एक खूण काढली. 'रस्त्याला चिकटून राहा' अशा अर्थाची ती ओळ होती. कुणी दोन्ही कामांना एकच यंत्र घेत असेल तर त्याला माझा एवढाच सल्ला आहे: ती ओळ कुठे आहे ते पहिल्या दिवशी शोधून ठेवा. गाडीत बसताना खूण करा, उतरताना काढा. ती राहिली, तर पाऊलवाटेवरून चालताना यंत्र तुम्हाला शेजारच्या डांबरी रस्त्यावर नेऊन बसवेल आणि डब्याचं अंतर त्या रस्त्यावरून सांगत राहील.

नव्या यंत्रानं पहिल्यांदा गेलो ते डब्याला नाही. आमच्या घराजवळून बेसलाइन रोड जातो. बीव्हर्टनहून हिल्सबरोकडे जाताना आम्ही तो रोज वापरायचो, आणि असेल कुणाचंतरी नाव असं समजून सोडून दिलं होतं. नानांनी पाटी वाचली आणि विचारलं, "पायारेषा? कशाची?" शोधलं तेव्हा निघालं की ती खरोखरच पायारेषा आहे. ४ जून १८५१ रोजी जॉन प्रेस्टन या सर्व्हेअर जनरलनं पोर्टलंडच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर देवदाराचा एक खुंट ठोकला, आणि ओरेगन-वॉशिंग्टनमधली सगळी जमीन त्या खुंटापासून मोजली गेली. उत्तर-दक्षिण एक रेघ, पूर्व-पश्चिम एक रेघ, आणि मग सहा-सहा मैलांचे चौकोन. १८८५ मध्ये खुंटाच्या जागी दगड बसवला. विलामेट स्टोन म्हणतात त्याला.

स्कायलाइन बुलेव्हार्डला गाडी लावून आम्ही झाडांत उतरलो. डग्लस फरची दाटी, खाली नेच्याची झुडपं, ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास. झाडीत शिरताच पडद्यावरचे चौदा फूट वाढत वाढत चाळीसच्या पुढे गेले. नानांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि काठी घेतली. दगड तिथे समोरच होता, शोधायची वेळ आलीच नाही, आणि त्यामुळे ते थोडे हिरमुसले असावेत. पण माहितीफलक मी वाचून दाखवायला लागलो तेव्हा कुठे थांबायचं ते त्यांना कळेना. इथली साखळी सहासष्ट फुटांची, ऐंशी साखळ्यांचा मैल. "आमच्या दुप्पट! म्हणजे तेहतीस हा तिचा निम्मा. ही गुंटरची साखळी." पुढे घरी कुठेतरी वाचलेलं मी त्यांना सांगितलं, की इथले जुने सर्व्हेअर कोपऱ्याच्या खुंटाखाली कोळसा पुरून ठेवायचे. लाकूड कुजतं, दगड लोक हलवतात. कोळसा तसाच राहतो आणि उकरला की जागा सांगतो. नानांनी मान हलवली, जशी ते साताऱ्यात एखाद्या चांगल्या कारागिराचं काम बघून हलवतात. दगडावर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतला. त्यांच्या खोलीत आज नायगाराचा नाही, तो फोटो आहे.

त्यानंतर डबेही पुष्कळ झाले. बीव्हरक्रीकलाही गेलो, तीर्थाला जावं तसं. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून घेतली. तोवर यंत्रं शंभर मीटरपर्यंत भरकटत. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर या गृहस्थानं बीव्हरक्रीकजवळच्या रस्त्याकडेला एक काळी बादली अर्धवट पुरली, आत काही पुस्तकं, गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा असलं सामान टाकलं आणि आकडे इंटरनेटवर जाहीर केले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. काही दिवसांत ती सापडलीही. आता तिथे जमिनीत एक पाटी आहे. लेक तिथे उभी राहून यंत्रावरचा आकडा शून्यावर आणायचा प्रयत्न करत होती, आणि नाना तिला सांगत होते की तो शून्यावर टिकायचा नाही, वाऱ्यावरच्या लंबकासारखा हलतच राहणार.

'एकात दोन'चं काय झालं ते सांगायला हवं. सेलमच्या वाटेवर त्या 'टुंग'नं बायकोला पहिल्याच आठवड्यात बेजार केलं. टुंग वाजला की आगपेटीएवढ्या पडद्याकडे बघायचं, तोवर फाटा मागे. तिनं कुणाला न विचारता एक साधं, बोलणारं, गाडीपुरतं यंत्र आणलं आणि काचेला चिकटवलं. मला ते थोडं लागलं, नानांना जास्त. पुढे तिनं तेही काढून टाकलं, कारण फोन आला आणि फोन दोन्ही कामं करतो, बऱ्यापैकी करतो. शहरातल्या पार्कात मी आता फोनच वापरतो. माउंट हूडच्या जंगलातल्या रस्त्यांवर मात्र ते शिंगवालं यंत्र अजून बरोबर असतं, दोन सुटे सेल कागदात गुंडाळून. थंडीत फोनचा जीव लवकर जातो, आणि पेन्सिल सेल कुठल्याही पेट्रोलपंपावर मिळतात.

नाना ऑक्टोबरात परत निघाले तेव्हा मी ते यंत्र त्यांना देऊ केलं. त्यात एक सोय होती, शेताच्या कडेनं चालत गेलं की क्षेत्रफळ सांगणारी. त्यांनी ती आमच्या मागच्या अंगणावर वापरून बघितली होती. प्रत्येक फेरीला अंगण नव्या मापाचं निघायचं आणि ते खूश व्हायचे. नको म्हणाले. "गावात हे घेऊन फिरलो तर सगळे चौदा-चौदा फूट मागायला येतील."

आता गावाकडे मोजणीला रोव्हर आलेत. दांड्यावर बसवलेलं उपग्रहाचं यंत्र, चूक काही सेंटिमीटर. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या गटाची मोजणी निघाली तेव्हा नाना काठी टेकत बांधावर जाऊन बसले होते. रात्री फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. "पोरगं हुशार आहे. दहा मिनिटांत चारी कोपरे घेतले त्यानं. पण जुन्या नकाशाशी जुळंना. मूळ दगडच सापडंना त्याला."

"मग?"

"मग काय, मी दाखवला. करंजाच्या खोडात गेलाय अर्धा."

"त्यावर ठेवला दांडा?"

"ठेवला की. म्हटलं, बाबा, आकडा तरी सांग काय आला तो, पोराला अमेरिकेत कळवतो." नाना थांबले. "नाही सांगितला. रेकॉर्डला जाईल म्हणाला, अर्ज करा."